सखुबाईंची मिश्री

सखुबाई शितोळ्यांबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. जुन्या इंदुरात एकतीस वर्षं आमची भिंत एक होती, तरी त्यांचं माहेर कुठलं हेही मला सांगता येणार नाही. ठाऊक होतं ते एवढंच, की नात कामाला गेली की त्या तव्यावर तंबाखू भाजायच्या आणि ती काळी पूड हिरड्यांना घासायच्या. वास माझ्या खोलीत यायचा.

नात म्हणजे ऋजुता. तोंडाचा कॅन्सर शरीरात कसा पसरतो, यावर ती एका प्रयोगशाळेत काम करते.

माघात सखुबाईंच्या गालात जखम झाली. दातांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. त्याने विचारलं, "तमाखू, गुटखा, कुछ?"

"नहीं जी, कभी नहीं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मिश्री त्यांच्या लेखी दंतमंजन. डॉक्टरने टोकदार दात घासून दिला, पंधरा दिवसांनी बोलावलं. फी मी दिली.

ऑटोत कसंबसं म्हटलं, "मिश्री म्हणजे तंबाखूच हो."

"अहो अप्पासाहेब, ऋजुताला नका बोलू हं. फालतू टेन्शन घेईल पोरगी. माझी शपथ आहे."

शपथ मी पाळली. पंधरा दिवसांनी त्या गेल्याच नाहीत. तोंड उघडेनासं झालं, पोळी सुटली; ऋजुताला त्या दाढ दुखते म्हणायच्या. फाटकात ऋजुता भेटली की मी "काय, ठीक?" म्हणून आत पळायचो.

एकदा ओट्यावर, सखुबाई शेजारी बसलेल्या असताना, मीच तिला तिच्या कामाचं विचारलं. ती म्हणाली, पेशी एकमेकींना एका प्रोटीनने चिकटून असतात. तंबाखू रोज लागत राहिली की पेशीच्या आतले हुकूम बिघडतात, ते प्रोटीन कमी होतं. सुटलेली पेशी खालचा पडदा विरघळवते आणि मानेच्या गाठीपर्यंत पोचते.

"त्याआधी पकडलं तर बरंचसं हातात असतं, काका."

सखुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे.

चैत्रात त्यांच्या मानेला गाठ लागली, तेव्हा मी सांगितलं. ऋजुता ओरडली नाही. "दोन महिने, काका?" एवढंच म्हणाली.

ऑपरेशननंतर सखुबाईंना बोलता आलं नाही, आणि भादव्यात त्या गेल्या. ऑपरेशनसाठी दवाखान्यात निघाल्या त्या सकाळी मला माफी मागायची होती. त्या गाडीत बसल्या, दातांच्या फटीतून म्हणाल्या, "दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.