चांदणीला भेटायला आलेले

सांगलीहून एसटीचे धक्के खात मी छत्रपती संभाजीनगरला आले ती देवगिरीचा किल्ला बघायला. आधी बघावी लागली एक घोडी, आणि खरं सांगते, तिच्यापुढं किल्ला फिका पडला.

पुंडलिकनगरात माझी भाची राहते. तिनं ओळखीचे रिक्षावाले ठरवून दिले, रावसाहेब. एरवी रिक्षा आणि लग्नसराईत नवरदेवाची घोडी, असा त्यांचा दुहेरी धंदा. दौलताबादच्या रस्त्यानं पडेगाव आलं, त्यांचा फोन वाजला आणि रिक्षा मला न विचारता गल्लीत वळली.

"ताई, पाचच मिनिटं. आमची चांदणी, घोडी वो, लई आजारी हाय."

अंगणात ही गर्दी! मला वाटलं, घरातलं कुणी गेलंच. मधोमध पांढरी घोडी घामानं निथळत होती. पुढच्या पायानं जमीन उकरायची, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघायची, खाली बसायला जायची. सकाळपासून तिनं लीद टाकली नव्हती.

त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, चहा देता देता मला खरा प्रकार हळूच सांगितला. वरातीत चांदणीचा पाय मुरगळला होता, एवढंच. पण गल्लीत बातमी फिरली, आणि आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही इथली रीत. मग काय! केळी आली, बिस्किटं आली, मलिदा (पोळी, गूळ, तूप कुस्करून केलेला) आला. चांदणीनं कुणाचं मन मोडलं नाही. चालणं बंद, काम बंद, आणि उभ्या उभ्या मेजवानी.

"अहो, मग डॉक्टरांना सांगा की हे!"

"ह्या सगळ्यांम्होरं? आमच्या खाऊनं घोडी आजारी पडली म्हणता व्हय, म्हणतील."

तोवर उपचार जोरात चालू होते. एका आजींनी मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. एक तरुण मोबाइलमध्ये परदेशी घोड्यांचा व्हिडिओ बघून मोठ्यानं सल्ले देत होता. शेजारचे शफीचाचा हिंग-सोड्याची रिकामी बाटली हलवत म्हणाले, "अब्बीच पिलाया. देखना, घंटे में दौडती."

फुलंब्रीकडून जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्कूटीवरून आल्या. चांदणीच्या पोटाला नळी लावून ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"आतडं गप्प आहे. काय खाल्लं हिनं?"

"काय नाय मॅडम," रावसाहेब म्हणाले, "नुसता कडबा."

"नुसता कडबा," अख्ख्या अंगणानं माना डोलावल्या. एवढी एकी मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी पाहिली नाही.

"औषध काही पाजलं?"

"छे, कायबी नाय."

शफीचाचांनी बाटली पाठीमागं धरली.

"रावसाहेब, घोड्याला उलटी होत नाही. पोटात साठलं, फुगलं, तर पोट फुटतं. मला खरं कळलं तर मी काही करीन."

तेवढ्यात चांदणी धाडकन खाली पडली आणि लोळायला लागली.

आणि सुमनबाई फुटल्या. "मलिदा खाल्लाय मॅडम, परातभर! कचरूभाऊंनी आणलेला! पाटलीणकाकूंची केळी, सालासकट! बिस्किटं तर समद्यांचीच! आन आत्ता चाचांनी हिंग-सोडा पाजलाय!" मग गर्दीकडं वळून, "मेली तर मातीलाबी याल तुम्ही, आन तवाबी कायतरी खायला घेऊनच याल!"

पाटलीणकाकू तरातरा निघून गेल्या. बाकीचेही पांगले, आणि डॉक्टरीणबाईंना हात हलवायला जागा झाली. घोडीला उठवलं. नाकातून लांब नळी पोटात घातली, तर फसफसून आंबट पाणी बाहेर आलं. मग इंजेक्शन दिलं. मग रावसाहेब तिला धरून अंगणात फेऱ्या मारत राहिले, तोंडानं "माय माझी, चल" चालूच. ऊन कलायला लागलं तेव्हा चांदणीनं लीद टाकली. लिदेला टाळ्या वाजवण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

भिंतीपलीकडून शफीचाचांचा आवाज आला, "देखो, मेराच सोडा काम किया!"

परतीच्या दिवशी बसस्टँडला सोडताना रावसाहेबांनी रिक्षा पुन्हा घराकडं घेतली. मीच घ्यायला लावली. चांदणी मान खाली घालून शांतपणे कडबा खात होती. आता खरोखर नुसता कडबा. अंगणात चिटपाखरू नव्हतं. पाटलीणकाकूंनी दार लावून घेतलं होतं, कचरूभाऊ समोरून गेले ते मान फिरवून. रावसाहेबांना ते फार लागलं होतं. "कुणी बोलंना झालंय वो आमच्याशी. म्याडमबी म्हणत्यात, घोडी वाचली ती हिनं तोंड उघडलं म्हणून. पण गल्लीत ऱ्हायचंय ना?"

बसमध्ये बसल्यावर मला वाटत राहिलं, आपल्याकडं जनावराला मारायला वैरी लागत नाही, प्रेमळ शेजार पुरतो. आणि त्याला वाचवायचं तर कुणीतरी वाईट व्हावं लागतं. निघताना मी सुमनबाईंना विचारलं होतं, हा अबोला सहन होतो का. त्यांनी चांदणीच्या मानेवरून हात फिरवला.

"न बोलू द्या की आजून म्हैनाभर," त्या म्हणाल्या. "पोट साफ ऱ्हाईल तिचं."