वाळवंटातली फेरी

काल शेजारी अंगणात जुन्या मोटारसायकलचे भाग रॉकेलने धूत बसले होते. त्या वासाने मला एकदम बहारीनमधल्या रिफा गावापलीकडचं वाळवंट आठवलं.

ऐंशी सालानंतरचा एक हिवाळा. माझे यजमान तेव्हा बहारीनला मेकॅनिक होते. जुन्या मोटारसायकलींचे शौकीन त्या वाळवंटात बायकामुलांसकट तंबू ठोकून राहायचे आणि ताडपत्रीवर सुटे भाग मांडून अदलाबदल करायचे. हे मला आणि चार वर्षांच्या मीनाला हौसेने घेऊन गेले. मी मात्र फुगून बसले होते. रत्नागिरीहून येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि सुट्टीतही ह्यांना लोखंडच सुचतं, याचा राग होता. शेजारच्या तंबूतल्या अरब बाईने मीनाला मांडीवर घेऊन खजूर भरवले, तरी मी हसले नाही.

दुपारी ह्यांना हवा तो भाग मिळाला आणि कधीची बंद पडलेली गाडी फटफटत सुरू झाली. ह्यांनी शर्टाच्या बाहीने मागची सीट पुसली.

"चल गो, एक फेरी मारू."

"एवढ्या लोकांत? मी नाही बसायची."

मग हे मीनाला पुढ्यात घेऊन लांबवर जाऊन आले.

पुढच्याच उन्हाळ्यात कामावर अपघात होऊन हे गेले. आम्हाला घेऊन दोन दिवस मोकळ्यावर राहायचं, एवढंच त्या वेळी ह्यांच्या मनात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मीना मोठी झाल्यावर तिला एकदा विचारलं, "बाबांच्या गाडीवर कसं वाटलं होतं गं?"

ती म्हणाली, "आय डोन्ट रिमेंबर, आई."