बुरूल आपाच्या वाट्याचं मांस

बुरूल आपाच्या हाताखाली गाय लाथ मारत नाही, असं गावात म्हणायचे. सरकारी गोठ्यावर दूध काढण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. नव्या पोरी दोन-तीन गायी झाल्या की बोटं चोळत बसायच्या. बुरूल पुढच्या गायीखाली बादली सरकवत म्हणायची, "बोटं काय सासूनं उसनी दिलीत, एवढी जपायला?" पुढे गोठा मोडला, नवरा वारला, पण हात होते तसेच राहिले. कार्याच्या घरी चुलाणावरची मोठी कढई दोन माणसांनी उतरवायची असते. बुरूल एकटी उतरवायची, आणि मग हळूच इकडेतिकडे बघायची, कुणी पाहिलं का म्हणून.

हे आधी सांगायला हवं, कारण पुढे तिला जी लाज वाटली ती या हातांपासूनच सुरू झाली.

मूत्रपिंडं गेली ती रक्तदाबानं. बरीच वर्षं डॉक्टर सांगत होते, मीठ कमी करा, मांस कमी करा. मेंढ्यांच्या मुलखात राहून तिनं तेही पाळलं. मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा मुलगा तालांत तिला गाडीत घालून काराकोल शहरातल्या दवाखान्यात न्यायचा, आणि चार-चार तास ती यंत्राला जोडलेली पडून असायची. तिथल्या डॉक्टरीणबाई नाझिरा यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "आपा, आता सगळं उलटं. यंत्र रक्त धुतं, तसा अंगातला कसही धुऊन नेतं. मीठ, पाणी, बटाटा, सुकी जर्दाळू यांच्यावर नजर ठेवा. पण मांस आणि अंडं रोज पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर हातापायांतलं बळ जाईल."

बुरूलनं मान डोलावली. तिनं ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं तिला नंतर कधी म्हणता आलं नाही.

पण घास तोंडात घेतला की गंजका खिळा चघळल्यासारखा लागायचा. तेवढं तिनं सोसलंही असतं. तिला सोसवत नव्हतं ते वेगळंच. सून चिनार पहाटे उठून गायी बघायची, पोरांचं आवरायची, भाकरी भाजायची, लाकडं फोडायची. मुलगा दिवसभर राबायचा. आणि ही भिंतीला टेकून बसायची. जन्मभर काम झाल्यावरच जेवलेली बाई. आता काहीच न करता घरातला सगळ्यात चांगला तुकडा आपण चघळत बसायचं, आणि राबणाऱ्या सुनेनं दाराजवळ बसून रस्सा प्यायचा, हे तिला आतून ओंगळ वाटायचं.

चिनार तर तिच्यासाठी बेताच्या मिठात वेगळं शिजवायची. मेंढी कापली की मानाचं हाड आपाच्या ताटात. बुरूल बिस्मिल्ला म्हणायची, एक लहानसा तुकडा तोंडात टाकायची आणि बाकीचं नातवंडांना भरवायची. वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटातला घास आपल्या हातानं लहानांच्या तोंडात घालायचा, ही त्यांची जुनी रीत. त्यात माया असते, आशीर्वाद असतो, त्याला कुणी नको म्हणत नाही. नातवंडं पाखरांसारखी तोंडं उघडून बसायची आणि चिनारला वाटायचं, आपाचा जीव किती आहे पोरांवर. नातवंडं शाळेत असली की मात्र ते मांस रुमालात, रुमाल बाहीत, आणि मग मागल्या दारी कुत्र्यापुढे. ताट स्वच्छ. चिनार ते उचलताना खूश व्हायची.

बाहेरून काही कळायचंही नाही. अंगातलं मांस उतरत होतं आणि त्या जागी पाणी भरत होतं, त्यामुळे वजन जिथल्या तिथे. चेहरा तर उलट गोल झाला होता. शेजारची कालीपा चहाला आली की म्हणायची, "बुरूल, आजारी तू आणि गाल माझे बसले. कुठल्या दवाखान्यात जातेस ते सांग, मीही येते."

एकदा कालीपासमोर बुरूलची बाही वर सरकली. दंड म्हणजे नुसती काठी. कालीपाचा पेला तोंडाशीच राहिला. "अगं, हे काय? सून खायला घालते ना तुला?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं तर कुत्र्यापासून सुरुवात करावी लागली असती. बुरूल म्हणाली, "समोर येतं ते खायचं. आपण आता कोण विचारणारे?"

एवढंच. पुरा खोटेपणाही नव्हता त्यात. पण कालीपाला तेवढं पुरलं, आणि कालीपाकडून गावाला.

थंडी सरता सरता बुरूलला डायलिसिसच्या खाटेवरून उठवेना. पूर्वी ती नर्सचा हात झिडकारून उठायची. नाझिराबाईंनी तिला साध्या खुर्चीत बसवलं, हात छातीशी घ्यायला सांगितले आणि म्हणाल्या, "आता उठा." बुरूल पुढे झुकली, मागे आली, पुन्हा झुकली. पाय जणू दुसऱ्या कुणाचे. मग नर्सनं तिच्या हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. "दाबा, आपा. गाय समजून दाबा," ती हसत म्हणाली. तिला काय माहीत. बुरूलनं होतं नव्हतं ते बळ लावलं. काटा जरासा हलला आणि राहिला.

"बिघडलंय हे," बुरूल म्हणाली.

नर्सनं स्वतः दाबून दाखवलं. बिघडलं नव्हतं.

पुढच्या खेपेला तालांतऐवजी चिनार सोबत आली, तेव्हा नाझिराबाईंनी तिला खाटेपाशीच बोलावलं. रक्ततपासणीचा कागद हातात होता. "या बाईच्या रक्तात जेवल्याची खूण नाही. हिचं मांस झिजतंय आणि वर पाणी साठतंय. घरी काय देतेस गं हिला? नुसता चहा?"

"मांस देते, डॉक्टर. रोज देते."

"मग ते जातं कुठे?"

खाटा जवळजवळ होत्या. आजूबाजूचे रुग्ण यंत्राकडे बघत असल्याचं दाखवत होते. चिनारनं सासूकडे पाहिलं. बुरूलच्या दंडात सुया होत्या, हलायची मुभा नव्हती, पण जिभेत काही सुया नव्हत्या. तिनं छताकडे बघितलं.

"माझं चुकलं," चिनार खालच्या मानेनं म्हणाली. "मी नीट शिजवत नसेन."

त्या दिवसापासून चिनार मांसाचा बारीक खिमा करून, अंड्यात कालवून द्यायला लागली. बुरूल दर नमाजाला खुदाजवळ म्हणायची, आज सांगते. आणि ताट आलं की बाही सावरायची. आता तर जास्तच अवघड झालं होतं. आता खायला लागावं, तर मग डॉक्टरांसमोर गप्प का बसलीस, याला उत्तर नव्हतं.

वसंतात धाकटा नातू पावलं टाकायला लागला. मूल चालायला लागलं की त्याच्या पायांना दोरा बांधून तो कापायचा, म्हणजे पुढे वाट मोकळी होते; त्याचा सोहळा ठरला. चिनारची आई बुबुसारा दूरच्या खोऱ्यातून आली, सोबत मेंढी घेऊन. आधी कोण कापतो म्हणून अंगणात पोरं धावली, दोरा कापला गेला, बाळ दोन पावलं टाकून बसलं आणि सगळे आत दस्तरखानाभोवती, जेवणाच्या चादरीभोवती, जमिनीवर बसले. चिनार दाराजवळ समोवारापाशी, चहाच्या पाण्याच्या बंबापाशी, चहा ओतत होती. मांस वाटलं गेलं. विहिणी शेजारी शेजारी होत्या.

कालीपानं हाड चोखता चोखता विषय काढला. "बुबुसारा, लेक कामाची आहे हो तुमची. फक्त हात जरा आखडता आहे."

"आखडता म्हणजे?"

"आमच्या बुरूलचे दंड बघा एकदा. डॉक्टरांनीच विचारलं म्हणतात, उपाशी ठेवतेस का हिला."

बुबुसारानं हातातला नान खाली ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. चिनारनं रीतीप्रमाणे अर्धाच पेला भरला, दोन्ही हातांनी पुढे दिला, आणि दुसरा घेतला. तिचे कान लाल झाले होते. "विहीणबाई," बुबुसारा हळू म्हणाली, "असं काही असेल तर मला सांगायचंत. मी तिला अशी वाढवली नाही. तुम्ही म्हणाल तर आजच सोबत घेऊन जाते, शिकवून परत पाठवते."

त्या मुलखात सुनेला असं माहेरी नेलं की तिच्या कपाळावर कसला डाग बसतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

बुरूलच्या मनात आधी आलं ते पळून जायचं. बाहेर जावं, दार लावून घ्यावं. तिनं जमिनीवर तळवा टेकला आणि उठू लागली. गुडघे उचलेनात. पुन्हा टेकला. सगळे बघत होते. चिनार समोवार सोडून आली, मागून सासूच्या काखेत हात घातले आणि तिला उचलायला लागली. तिच्या छातीची धडधड बुरूलला पाठीत लागली.

"राहू दे," बुरूल म्हणाली. "बसव मला."

चिनारनं बसवलं.

"ही देते," बुरूल म्हणाली. आवाज इतका लहान निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "ही रोज देते. मीच खात नाही. पोरं असली तर पोरांना भरवते. नसली की रुमालात बांधून कुत्र्याला घालते."

वरच्या बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तौबा म्हटलं. कुठेतरी कुणी फसकन हसलं.

"कुत्र्याला?" बुबुसारा म्हणाली. "माझ्या लेकीनं शिजवलेलं?"

"हो."

"मी एवढ्या लांबून मेंढी आणली. तिचंही तेच करायचंय का? तसं असेल तर कुत्र्याला पंगतीलाच बसवा, विहीणबाई. माझी त्याच्याशी ओळख तरी होईल."

कालीपा आपल्या चहात बघत होती, जणू पेल्यात काही पडलंय. बाळ रडायला लागलं म्हणून बरं झालं, बायकांना उठायला निमित्त मिळालं.

पाहुणे गेल्यावर चिनार भांडी घासत बसली. बुरूल भिंतीला धरत धरत तिच्यापर्यंत गेली. "बोल की काहीतरी. शिव्या दे."

"तुम्हाला कशा देणार?" चिनारनं कढईवरची नजर काढली नाही. "दवाखान्यात मी माझं चुकलं म्हटलं, आपा. मला खरंच वाटलं होतं, माझ्या हाताला चव नाही. म्हणून खिमा करून देत होते. हाडं वेचून वेचून."

"हो."

"तोही?"

खोटं बोलायची इच्छा अजून होती, हेच बुरूलला सगळ्यात वाईट वाटलं. "तोही," ती म्हणाली.

चिनारनं कढई पालथी घातली आणि आत गेली. बुबुसारा दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. जाताना तिनं विहिणीला मिठी मारली नाही, नुसता हात दिला. आणि बुरूलचा हात हातात आल्यावर तिच्या तोंडावर जी कीव उमटली ती बुरूलला रागापेक्षाही जड गेली.

दुपारी चिनारनं ताट आणलं. उकडलेलं मांस, एक अंडं. ठेवून ती नेहमीसारखी दाराकडे गेली नाही. समोरच बसली, सासूच्या अगदी पुढ्यात, सुनेनं बसू नये तशी.

"तूही घे," बुरूल म्हणाली.

"तुमचं झाल्यावर."

"मुलं आली की त्यांना थोडं…"

"मुलांचं वेगळं ठेवलंय. खा."

बुरूलनं घास घेतला. लोखंड लागलं तोंडाला. ती चावत राहिली, गिळला, दुसरा घेतला. ज्या बाईला ती इतकी वर्षं मान खाली घालून चहा देत आली, तिचं तोंड ती आता उघड्या डोळ्यांनी बघत होती, आणि तिच्या बघण्यात लोभ नव्हता की राग नव्हता. नुसती राखण होती. बुरूलला वाटलं, दवाखान्यातल्या खुर्चीतून उठता आलं नाही त्या लाजेपेक्षा ही लाज मोठी आहे, आणि ही रोज दोन वेळा घ्यावी लागणार आहे. अंड्याचा शेवटचा तुकडा तिनं पाण्याच्या बेताच्या घोटाबरोबर खाली ढकलला.

मग जेवणानंतरची दुआ, ओमीन, करायला तिनं दोन्ही तळवे वर उघडले.

चिनारनं आधी त्या तळव्यांकडे पाहिलं, मग बाह्यांकडे. तिनं बोटानं दोन्ही बाह्या एकेकदा चाचपल्या. बुरूलनं हात तसेच धरून ठेवले. चाचपून झाल्यावर चिनारनंही आपले तळवे वर केले.