दव वाळल्यावर चढलेला नांदूरघाटचा डोंगर

जावं की नको, यातच माझा आठवडा गेला. मला आमवात आहे. बोटं, घोटे, गुडघे सुजतात. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणतात चाला. मला धास्ती, चालून सांधे झिजले तर? तरी पहाटे उठून पाहिलं. गिरणीपर्यंतही पाय चालेनात, म्हणून सोडून दिलं. आता फळांचा गाडा मुलगाच बघतो. पण नांदूरघाटच्या डोंगरातली सीताफळं पूर्वी मी स्वतः जाऊन आणायचो. म्हटलं, यंदा एकदा वर चढून बघू. नाही जमलं तर चालण्याचं नावच काढायचं नाही.

"जाओ जी, पन गिरे तो मुझे मत बोलो," बायको म्हणाली.

माजलगावहून धारूरमार्गे केज, तिथून दुसरी गाडी. एसटीत म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. जागा पुढचीच धरा, मागे घाटात हाडं खिळखिळी होतात. बसून गुडघे धरतात, म्हणून केजच्या स्टँडवर मी चहा उभ्यानेच घेतला.

मुक्काम दगडूकडे. तो शेळ्या राखतो, माझा जुना दोस्त. संध्याकाळी गरम भाकरी, ठेचा आणि शेळीच्या दुधाचा चहा. असा चहा माजलगावात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी बूट घालून अंगणात बसलो. लेस बांधता येईना.

"काहून बसला बे, परीक्षेला आल्यावानी?" दगडूने चुलीपासून विचारलं.

"डोंगरावर जायचं ना? उशीर होईल."

"आत्ता? गवतावर दव हाय. ओलं खाल्लं की शेळ्यांचं पोट फुगतंय. ऊन वर येऊ दे."

"तवर मी काय करू?"

"गरम पान्यानं आंघोळ कर. तुझ्यापायी माज्या शेळ्या मारू का?"

दहाच्या सुमाराला निघालो. तोवर बोटं सुटली होती, लेस मीच बांधली. शेळ्या चार पावलं चालतात, बोरीला तोंड लावून थांबतात. त्या थांबल्या की मी दगडावर टेकायचो. दुखत होतं, पण सकाळसारखं आखडलं नव्हतं. अर्ध्यात गुडघा कटकन वाजला.

"दगडू, मी परत जातो."

"जा की. पर ती काळी शेळी वाटंत हुबी हाय. लई मारकी हाय."

काळी शेळी खरंच माझ्याकडेच बघत होती. मी वरच गेलो.

वर झाडाखाली बसून पिकली सीताफळं फोडली. बिया लांब कोण थुंकतो याची शर्यत लागली. मी जिंकलो. दगडू मानत नाही. उतरताना मात्र काठी हवीच, गुडघ्यावर भार येतो. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या, सांध्यांची सूज मात्र वाढली नाही. मी दर तासाला दाबून बघत होतो.

परत आल्यावर डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या. "चाचा, पहाटे चाला असं मी कधी म्हटलं? अंग मोकळं झालं की चालायचं. सांधा गरम होऊन सुजला तर त्या दिवशी कमी."

मीच ठरवलं होतं की फिरायचं तर पहाटे, सगळे जातात तसं.

आता दहाला बाजारातून चक्कर मारतो. लोक हटकतात, "चाचा, या टायमाला फिरायला?"

"मग? दव वाळलं की," मी म्हणतो. कुणाला कळत नाही.

आज आभाळ आलंय. पाय घसरला तर, ही काळजी सकाळपासून आहेच. बायकोने दारात छत्री काढून ठेवली आहे, आणि शेजारी तिच्या स्वतःच्या चपला.