डुकरांच्या वाटेला गेलेला कोंडा

सेंगदुआन सुईणीला ढेकीचा आवाज अजून आठवतो. मेकाँगकाठच्या तिच्या गावात पहाटे खांबांवर उभ्या घराघरांखाली बाया पायाने ढेकी दाबत भात सडायच्या. त्या ठेक्यावर गाव जागं व्हायचं. तांदूळ तांबूस निघायचा, हाताला कोंडा लागायचा. पुढे गिरणी आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. इतका पांढरा तांदूळ! बाळंतिणीला याहून शुद्ध ते काय?

बाळंतीण निखाऱ्यांशेजारी बांबूच्या खाटेवर शेक घ्यायची, आणि तीन महिने चिकट भात नि मीठ, एवढंच खायची. मासा नाही, पाला नाही, शेंग नाही. हा नियम सेंगदुआनच्या आजीपासूनचा. कुणी चोरून काही तोंडात टाकलं, तर ती चारचौघींत तिची लाज काढायची, पण रात्रभर तिच्या उशाशीही तीच बसायची. धूर, उकळता काढा, बायकांच्या गप्पा. त्या दिवसांसाठी तिचा जीव अजून तुटतो, आणि तुटतो म्हणून तिला स्वतःचा रागही येतो.

कारण गिरणीनंतर मुलं जायला लागली. तीन महिन्यांची, गुबगुबीत. दूध सोडायची, मग आवाज बसायचा. रडायला तोंड उघडायचं, आवाज मात्र फुटत नसे. एका दिवसात सगळं संपायचं. भूत आवाज नेतं, असं गाव म्हणे. सेंगदुआन बाळांच्या मनगटांना राखणीचे दोरे बांधायची. तिच्या लेकीची, वन्नालीची, दोन अशीच गेली.

तिसऱ्याच्या वेळी सेंगदुआनने नियम आणखी आवळला. गिरणीचा तांदूळ सात पाण्यांतून धुवायला लावला. तिसरा महिना संपत आला, आणि एका सकाळी बाळाने तोंड उघडलं. आवाज आला नाही. वन्नाली आईकडे न बघता पोराला उचलून होडीकडे चालू लागली. सेंगदुआन मागून निघाली.

दवाखान्यातल्या बुनमा नर्सने आधी बाळाला सुई टोचली, मग बाळंतीण काय खाते ते विचारलं. सेंगदुआनने अभिमानाने सगळं सांगितलं, सात पाण्यांसकट.

"आणि कोंडा?"

"डुकरांना."

"मग तुमची डुकरं नशीबवान, मावशी."

तांदळाचं जीवनसत्त्व कोंड्यात असतं, सुईतून बाळाला तेच दिलं, बुनमा म्हणाली. ते पाण्यात विरघळतं, अंगात फार दिवस साठत नाही, खातच राहावं लागतं. आईच्या दुधात नसेल तर बाळाला कुठून मिळणार?

"माझ्या आजीनेही भात-मीठच दिलं. तिच्या हातची पोरं जगली."

"तिचा तांदूळ ढेकीचा होता. तुमचा गिरणीने सोलला. जे काय उरलं होतं, ते तुम्ही धुऊन टाकलं."

दुपारी बाळ घोगरं, चिडकं रडलं. वन्नाली हसत रडू लागली. सेंगदुआन बाहेर जाऊन भिंतीला टेकली. तिच्या हातून झालेल्या बाळंतपणांतली अकरा मुलं गेली होती. घरं तिला पाठ होती.

गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. मूल गेलेल्या पहिल्याच घरी जिना चढून ती खाली बसली आणि म्हणाली, "तुझं पोर भुताने नेलं नाही. माझ्या नियमाने गेलं."

ती बाई सूत कातत होती. तिने हात थांबवला नाही.

"आता कशाला सांगतेस?"

सेंगदुआन उठली. जिना उतरली. मग दुसऱ्या घराकडे निघाली.