निम्मी गाडी सोप्यात, निम्मी न्हाणीत

"वैनी, पहिल्यांदा स्टेअरिंगवर मी बसणार. दादाचा सख्खा भाऊ हाय मी!"

"काका, गाडी माझ्या बापाची. मीच बसणार!"

हे भांडण ऐन रंगात आलं होतं तेव्हा ते स्टेअरिंग तुळशीमागच्या खिळ्याला टांगलेलं होतं! चाकं माळ्यावर, सीटा सोप्यात, दारं न्हाणीच्या भिंतीला टेकवलेली. आणि माझे धाकटे दीर बाळूभावोजी आणि माझा मुलगा प्रताप, पहिला ड्रायव्हर कोण यावरून हातघाईवर!

मी कुणाचीच बाजू घेतली नाही. कारण त्या जागेवर मलाच बसायचं होतं.

तीस वर्षं ह्यांनी ही अँबॅसिडर चालवली. दुरुस्तीही घरीच. मला काम एकच, "पाना दे." गाडीखालून नुसता हात बाहेर आला तरी कुठला पाना हवा ते मला कळायचं. पण स्टेअरिंगला कधी हात लावू दिला नाही. ते गेल्यावर गाडी बारा वर्षं ताडपत्रीखाली पडली. प्रताप भंगारवाल्याला घेऊन आला, तेव्हा मी दोघांनाही फाटकातूनच परत पाठवलं. म्हटलं, गाडी खोलायची. पूर्ण. आणि घरीच.

तीन वर्षं लागली. नटबोल्टांना निदान डबे तरी होते, किस्से ठेवायला घरात जागा उरली नाही!

*

माझी पद्धत साधी. जिथला बोल्ट, तिथला डबा. वर कागद चिकटवायचा: "डावं दार", "बॉनेट", "मागचा उजवा पाटा". मी चौथी शिकलेली, पण अक्षर असं की डॉक्टरनं शिकून घ्यावं. बेचाळीस डबे झाले.

बाळूभावोजींची हयात नटबोल्टांच्या दुकानात गेलेली. मी एका लग्नाला कुरुंदवाडला गेले आणि संध्याकाळी परत आले, तर भावोजी दारात छाती फुगवून उभे.

"वैनी, काय गबाळं करून ठेवलं हुतंसा! सगळं मापानं लावून दिलं बघा. बारकं हिकडं, मोठं तिकडं. कसं दुकानागत दिसतंय!"

बेचाळीस डब्यांचे सहा केले होते! कागद फाडून, डबे धुऊन, पालथे घालून!

दोन दिवस मी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोंड उघडलं, "वैनी, आमटीत मीठ न्हाई."

म्हटलं, "स्वयंपाकघर मापानं लावलंय. बारक्या डब्यात हुडका!"

*

गंजलेला बोल्ट आंबट ताकात भिजवला की गंज सुटतो. ही माझी स्वतःची युक्ती, कुणी शिकवलेली नाही. एकदा सकाळीच पातेलं भरून वायसर, म्हणजे नटाखालच्या चकत्या, भिजत घातले आणि सुनेला, स्वातीला, सांगायचं राहिलं.

दुपारी आजऱ्याहून स्वातीचे मामा आले. उन्हातून आलेला माणूस. स्वातीनं लगबगीनं तांब्या भरून ताक दिलं. मामांनी एक मोठा घोट घेतला, थांबले, तोंडात बोट घातलं आणि एक वायसर काढून तळहातावर ठेवला.

माणूस मोठा सभ्य. म्हणाले, "ताक झकास हाय. पण ह्यो काय मसाला म्हणायचा?"

मी वायसर पटकन उचलून घेतला. "पावणं, बरं झालं गिळला न्हाईसा. न्हाईतर तुमच्यासाठी गाडी दोन दिवस थांबवायला लागली असती!"

*

इंजिन बाहेर काढलं तो दिवस खंडेनवमीचा आदला. साखळीवर उचललं, तुळईला टांगलं आणि अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सगळे पाने देवापुढं पूजेला. आता दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही! मग इंजिन तसंच लोंबकळत राहिलं. स्वातीनं त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. त्यानं सिलिंडर खाली ठेवला, चप्पल काढली, हात जोडले आणि हळूच विचारलं, "काकू, ह्यो कुठला देव?"

"जागृत हाय. नवसाला तेल मागतो!"

*

आता हे घरात कुणाला माहीत नाही. दोन महिने मी रोज सकाळी "अंबाबाईला जाऊन येते" म्हणून निघायचे आणि जायचे ड्रायव्हिंग क्लासला!

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाला, "आजी, भिऊ नका. ह्यो क्लच."

म्हटलं, "ते कळलं. पण ह्याची प्लेट जळलीय, वास येतोय. आधी ती बदल, मग मला शिकीव." दुसऱ्या दिवसापासून तो मला मिस्त्री म्हणायला लागला. लायसन एका फटक्यात मिळालं.

प्रतापला मात्र संशय. "आई, देवळात रोज दीड तास काय करतीस?"

"प्रदक्षिणा घालते."

खोटं नव्हतं. मैदानाला घालत होते!

*

शेवटी गाडी जोडून झाली. धुऊनपुसून गल्लीत उभी केली, तर अख्खी गल्ली गोळा! भावोजी नवी टोपी घालून आलेले, प्रताप गॉगल लावून. आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"काका, तुम्हाला मोतीबिंदू हाय. समोरचा खांब तरी दिसतोय काय?"

"आणि तू रं? तुझी गाडी आपोआप गिअर टाकती. हितला गिअर कुठं असतो ते तरी ठावं हाय काय तुला?"

"बापाची गाडी हाय!"

"तुझ्या बापाला सायकल शिकवली ती मी!"

"तुम्ही धाकटे, काका!"

"म्हणून काय झालं? मागनं धरायला मीच हुतो की!"

मी नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. दार उघडलं, पदर खोचला आणि बसले. चावी फिरवली. नुसतं टक्क! बॅटरी गार. मग क्लच दाबून धरला, दुसरा गिअर टाकला. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. ह्या दोघांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं, बॉनेटपुढं एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे.

मी काच खाली केली.

"भांडून झालं असंल तर दोघंबी मागं जावा, आणि ढकला!"