माहेरची गोधडी, कॉलेजची होडी

सून माझी जुनी गोधडी उन्हात टाकते, तेव्हा गोधडीला अजून होडीच्या डांबराचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं.

इंग्रजांच्या काळात प्रकाशा गावाला तापी नदीवर कॉलेजची होडी आली होती. पोरं बाटल्यांत नदीचं पाणी भरायची, दोरी सोडून खोली मोजायची. होडी आमचे हे वल्हवायचे. एका दुपारी मी अनवाणी, घागर घेऊन घाटावर गेले, तर माझ्या माहेरची गोधडी त्या होडीवर पांघरलेली!

"हाई मन्ही गोधडी शे!" मी ओरडले.

"होडीले ऊन लागी ऱ्हायनं. लाकूड तडकी जाई ना," हे म्हणाले.

काम संपवून पोरं स्वतःच वल्हवत होडी परत घेऊन निघाली, तेव्हा हे काठाकाठाने नदीच्या वळणापर्यंत होडीसोबत चालत गेले. आता हे नाहीत, तरी माझा जळफळाट गेलेला नाही. मी माहेरी निघाले की हे उंबऱ्यापर्यंतसुद्धा येत नसत.